घराला रकाना कोणता? : इमारतींच्या वर्गवारीचा एक मराठी इतिहास

१

आम्ही नेरला शिकवतो, असे सांगितले की समोरचा मनुष्य बहुधा विचारतो, 'कोणते नेर?' प्रश्न रास्तच आहे. धुळ्याजवळ पांझरेच्या काठी एक नेर आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात नेर पिंगळाई आहे. आणि अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे आमचे नेर हे नेर परसोपंत. त्यातही नगरपरिषदेच्या कागदांवर ते नेर-नबाबपूर होते. नुसत्या नावाने गाव सापडत नाही. नावापुढे आणखी काही जोडावे लागते, तेव्हा पत्र योग्य टपालात पडते.

हे सुचण्याचे कारण जरा अनपेक्षित आहे. आमचे काही जुने विद्यार्थी बांधकामाच्या क्षेत्रात गेले. त्यांच्याशी बोलताना 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग', म्हणजेच बीआयएम, हा शब्द वारंवार कानी येऊ लागला. कागदावरच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. ती भिंत आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते, कागदाला नसते. बीआयएममध्ये मात्र संगणकावर अख्खी इमारत वस्तुरूपाने उभी केलेली असते. तिथली भिंत स्वतःची जाडी, साहित्य, मजला, बांधण्याचा दिवस आणि येणारा खर्च आपल्यासोबत बाळगते. आपल्या विदर्भातच नागपूर मेट्रोच्या उभारणीत ही पद्धत वापरली गेली. आकाराच्या तीन मिती, चौथा काळ आणि पाचवा खर्च, म्हणून तिला 'फाइव्ह डी बीआयएम' म्हटले गेले.

अडचण येते ती नावांची. वास्तुशिल्पी ज्या गोष्टीला 'बाहेरची भिंत' म्हणतो, तिला मोजणी करणारा 'वीटकाम' म्हणतो, ठेकेदार 'नऊ इंची' म्हणतो आणि पुढे देखभाल करणाऱ्याच्या वहीत ती 'पश्चिमेकडची ओल येणारी बाजू' असते. माणसे एकमेकांचे समजून घेतात. यंत्राला समजत नाही. म्हणून प्रत्येक घटकाला ठरावीक वर्गीकरणातला क्रमांक द्यावा लागतो, आणि तो कोणत्या पद्धतीने द्यावा यावर जगभर मोठा खल झालेला आहे.

मराठी शिकवणाऱ्यांनी या खलात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की इमारतींची माहिती रकान्यांत बसवण्याचा उद्योग संगणकाच्या फार आधीचा आहे, त्याचा एक आरंभीचा आणि उत्तम नमुना मराठीत आहे, आणि त्या उद्योगात झालेल्या चुकांची किंमत आमच्या तालुक्यातली माणसे आजही मोजत आहेत.

२

चौदाव्या शतकातील महानुभावांच्या 'स्थानपोथी'कडे आपण सहसा तीर्थवर्णन म्हणून पाहतो. मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेला आणि वि. भि. कोलते यांनी संपादून अभ्यासकांच्या हाती दिलेला हा लहानसा गद्यग्रंथ. चक्रधरस्वामी व गोविंदप्रभू जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, निजले, त्या जागांची ती नोंदवही आहे. म्हाइंभटांनी लीळा जमवल्या. स्थानपोथीने त्या लीळा जिथे घडल्या त्या भिंती, ओटे, पटिसाळा आणि दारे जमवली.

वाङ्मय म्हणून वाचू जाणाऱ्याला हा ग्रंथ रुक्ष वाटतो. आम्हीही वर्गात तो दोन तासांत आटोपत असू. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे दार कोणीकडे, चौकाच्या कोणत्या अंगाला पटिसाळ, तिच्या कोणत्या टोकाला स्वामींचे आसन, हेच पानोपानी. पण बीआयएमच्या गप्पा ऐकल्यावर आम्ही तो पुन्हा काढला, तेव्हा रुक्षपणामागची शिस्त दिसली. नोंद गावापासून सुरू होते, गावातून वास्तूकडे, वास्तूतून तिच्या भागाकडे आणि भागातून नेमक्या जागेकडे उतरते. प्रत्येक पायरीवर दिशा दिलेली असते. आणि त्या जागेवर काय घडले यासाठी ठरलेले शब्द आहेत. दीर्घ मुक्काम तो 'अवस्थान', रात्रीपुरता मुक्काम ती 'वसति', घटकाभर बसणे ते 'आसन'. देहधर्माची जागादेखील 'परिश्रय' म्हणून नोंदली आहे, ती लाजून गाळलेली नाही.

म्हणजे येथे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले आहेत. ही जागा कोठे आहे? ही वास्तूचा कोणता भाग आहे? येथे काय होत असे? तिन्ही उत्तरे एकमेकांत मिसळलेली नाहीत. पटिसाळ हा भाग आहे, आसन ही क्रिया आहे; एकाच पटिसाळेवर आसनही असू शकते आणि वसतीही. पुढील इतिहासाने या ग्रंथाची सार्थकता दाखवून दिली. यातल्या कितीतरी वास्तू पडल्या. पण माहिती नीट लावून ठेवली होती म्हणून पंथाचे लोक त्या त्या जागी ओटा बांधून नमस्कार करू शकले. इमारत गेली आणि तिची माहिती राहिली.

स्थानपोथीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिला ज्या माणसांसाठी जागा हव्या होत्या, त्यांच्याच नजरेने तिने वास्तू पाहिल्या. घर कोणी बांधले, बांधायला काय लागले, स्वामी निघून गेल्यावर तिथे कोण राहिले, हे तिच्या कक्षेत येत नाही. कोणतीही वर्गवारी विचारणाऱ्याच्या गरजेतून जन्मते. हे आरंभीच लक्षात ठेवलेले बरे, कारण पुढच्या उदाहरणांत ती गरज इतकी उघडपणे दिसत नाही.

३

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. विदर्भात कोणत्याही जुन्या दगडी देवळापुढे उभे राहून विचारा, उत्तर येते, 'हेमाडपंती आहे.' यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचे कमलेश्वर मंदिर हेमाडपंती, लोणारचे दैत्यसूदन हेमाडपंती, सिन्नरचे गोंदेश्वर हेमाडपंती आणि अंबरनाथचे शिवालयही हेमाडपंतीच.

हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. आमच्या वऱ्हाडातल्या बार्शीटाकळीच्या मंदिरातला लेख शके १०९८ चा, म्हणजे ११७६ च्या आसपासचा. पहिले मंदिर हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे, दुसरे शंभरेक वर्षे आधीचे. तरी दोन्हींच्या माथी त्याचे नाव बसले.

असे का झाले? 'हेमाडपंती' या एका शब्दात आपण चार प्रश्नांची उत्तरे कोंबली आहेत. बांधणीची रीत कोणती, तर चुन्यावाचून घडीव दगड एकमेकांत बसवून केलेली. काळ कोणता, तर यादवांचा. बांधवून घेणारा कोण, तर हेमाद्री. प्रदेश कोणता, तर दख्खन. चारांपैकी पहिले उत्तर डोळ्यांना दिसते. ते मिळाले की उरलेली तिन्ही विचार न करता गृहीत धरली जातात. दगडांत चुना नाही एवढे पाहून माणूस देवळाचे वय आणि कर्ता सांगून मोकळा होतो. ब्रिटिशांच्या काळातल्या याद्यांनी आणि गॅझेटियरांनी हा लोकांच्या तोंडचा शब्द उचलला, छापला आणि त्याला शास्त्राचे रूप आले. मग शाळेच्या सहलींतून तो पुन्हा लोकांकडे परतला.

गंमत अशी की स्वतः हेमाद्री हा मोठा वर्गीकार होता. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त व्रत, दान, तीर्थ, मोक्ष असे खंड पाडले आहेत आणि व्रतखंडात अगणित व्रते तिथिवारांच्या क्रमाने लावली आहेत. त्यामुळे अमुक तिथीला काय करावे हे शोधणाऱ्याला वाट सापडते. ज्याने आयुष्यभर गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या, त्याचेच नाव साऱ्या गोष्टी एकात मिसळणाऱ्या रकान्याला मिळावे, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणायचा.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने प्राचीन वास्तूंची नोंद सुरू केली तेव्हा तिची वर्गवारीही ठरवली. १८८० च्या दशकात मेजर एच. एच. कोल हे प्राचीन स्मारकांचे क्युरेटर असताना रूढ झालेली ती तीन वर्गांची पद्धत पुढे कित्येक वर्षे चालली. पहिल्या वर्गात कायम नीट राखण्याजोग्या वास्तू. दुसऱ्यात, झाडोरा काढणे किंवा पाणी आत मुरू न देणे अशा किरकोळ उपायांनी आणखी पडझड थांबवता येईल अशा. आणि तिसऱ्यात, ज्यांच्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही अशा. पहिल्या दोन वर्गांना पुन्हा उपवर्ग होते, ते सरकारच्या ताब्यातल्या आणि खाजगी ताब्यातल्या वास्तूंचे. हेन्री कझिन्स यांनी संकलित केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या प्राचीन अवशेषांची यादी १८९७ साली निघाली. आमचा जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. त्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले.

ही पद्धत हेमाडपंतीपेक्षा प्रामाणिक आहे, कारण ती सरळ सरळ खर्चाचा प्रश्न विचारते. परंतु एकदा 'तिसरा वर्ग' हा शिक्का बसला की तो वास्तूच्या योग्यतेचा शिक्का म्हणून वाचला जाऊ लागतो. पडक्या देवळातील शिल्प पहिल्या प्रतीचे असू शकते. पण वर्ग भिंतींच्या अवस्थेवरून ठरलेला. वास्तूची अवस्था, तिचे मोल आणि तिची मालकी हे तीन निराळे प्रश्न असताना यादीत त्यांचा मिळून एक आकडा आणि एक अक्षर झाले. ज्याला तिसरा वर्ग मिळाला त्याच्याकडे कोणी फिरकले नाही, आणि कोणी फिरकले नाही म्हणून तो तिसऱ्या वर्गातलाच राहिला.

५

एका नावात अनेक उत्तरे कोंबण्याच्या या रोगावरचा उपाय एका भारतीयाने सांगितला, आणि तो इमारतींसाठी नव्हता, पुस्तकांसाठी होता. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२-१९७२) हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मुलांचे 'मेकॅनो' हे खेळणे पाहिले. थोड्याशा पट्ट्या, चाके आणि खिळे निरनिराळ्या रीतींनी जोडून हवे ते यंत्र उभे करता येते, हे पाहून त्यांना आपल्या वर्गीकरणाची युक्ती सुचली, असे ते सांगत. १९३३ मध्ये त्यांचे 'कोलन क्लासिफिकेशन' प्रसिद्ध झाले.

त्याआधीच्या, १८७६ मधल्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत ज्ञानाचे मोठे झाड कल्पून प्रत्येक पुस्तकाला त्याची तयार फांदी दाखवली जाई. बांधकाम ६९० मध्ये, वास्तुकला ७२० मध्ये. विषय दोन फांद्यांवर पाय ठेवून उभा असेल तर ग्रंथपालाची पंचाईत. रंगनाथनांनी तयार फांद्या देण्याऐवजी पाच प्रश्न दिले. वस्तू स्वतः काय आहे, ती कशाची आहे, तिच्यावर कोणती क्रिया होते, कोठे आणि केव्हा. प्रत्येक प्रश्नाची उत्तरे स्वतंत्र कोष्टकात. क्रमांक म्हणजे त्या उत्तरांची जोडणी. आपल्याकडील वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म असे पदार्थ वेगळे मोजले होते. त्या संस्कारात वाढलेल्या मनाला ही वाट परकी वाटली नसावी.

लंडनमध्ये १९५२ साली स्थापन झालेल्या क्लासिफिकेशन रिसर्च ग्रुपने हा विचार उचलून धरला. त्याच सुमारास बांधकामाच्या जगातही निराळी हालचाल चालू होती. महायुद्धानंतर घरे झपाट्याने बांधायची होती, आणि स्वीडनमध्ये नकाशे, दरपत्रके व साहित्याच्या याद्या एका सूत्रात आणणारी 'एसएफबी' नावाची पद्धत तयार झाली. ब्रिटनमधील वास्तुशिल्पींनी ती स्वीकारली. १९६८ मध्ये तिचे 'सीआय-एसएफबी' हे रूप आले आणि १९७६ मध्ये सुधारून निघाले. तिच्यात वास्तूचा प्रकार, वास्तूचा घटक, बांधणीचे रूप, साहित्य आणि कामे व गुणधर्म यांची वेगवेगळी कोष्टके होती. १९९७ च्या 'युनिक्लास'ने हाच मार्ग आणखी रुंद केला. आयएसओ १२००६-२ हे आंतरराष्ट्रीय मानक २००१ मध्ये आले आणि २०१५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. आजच्या बीआयएममधील वर्गीकरण याच घराण्यातले आहे. माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी जो आयएफसी नावाचा सामायिक साचा वापरतात, त्यात एकाच भिंतीला एकाहून अधिक वर्गीकरणांचे क्रमांक जोडण्याची सोय आहे. वास्तुशिल्पी, ठेकेदार आणि देखभाल करणारा या तिघांचेही प्रश्न त्या भिंतीला एकाच वेळी विचारता येतात.

भारतात बांधकामाच्या दैनंदिन व्यवहारात मात्र वर्गवारी कामाच्या प्रकारावरून चालत आली. मोजमापाच्या आयएस १२०० या मानकाचे भाग पाहावेत. खोदकाम, काँक्रीट, वीटकाम, दगडकाम असे ते चालतात. दरसूच्यांचीही रीत अशीच. १९७० पासूनची राष्ट्रीय बांधकाम संहिता वापरावरून गट करते. निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, सभागृहे, असे धोकादायक इमारतींपर्यंत. दोन्ही आपापल्या जागी उपयुक्त आहेत. एक पैसे मोजणाऱ्याची नजर आहे, दुसरी आगीपासून माणसे वाचवू पाहणाऱ्याची.

सीआय-एसएफबीच्या साहित्याच्या कोष्टकातला एक बारकावा आम्हांला थबकवून गेला. त्यात 'जी' हे अक्षर मातीसाठी आहे. 'जी१' म्हणजे वाळवलेली माती, 'जी२' म्हणजे भाजलेली. इंग्लंडमधील विटांच्या माहितीपत्रकांवर 'एफजी२' असा क्रमांक छापलेला असे. 'एफ' म्हणजे विटा-ठोकळ्यांची बांधणी, 'जी२' म्हणजे भाजलेल्या मातीची. बाहेरच्या भिंतीचा घटकक्रमांक कंसातला २१. म्हणजे कच्च्या विटांच्या बाहेरच्या भिंतीचा क्रमांक (२१)एफजी१ आणि पक्क्या विटांच्या भिंतीचा (२१)एफजी२. एक आणि दोन, शेजारी शेजारी. एकीला मान नाही, दुसरीला हिणवणे नाही. भिंत मजबूत आहे की नाही, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. तो दुसऱ्या कोष्टकाचा प्रश्न आहे.

६

आता आमच्या तालुक्याकडे येऊ. 'कच्चे' आणि 'पक्के' हे शब्द मुळात चुलीवरचे आणि झाडावरचे. कच्चे ते शिजायचे, पिकायचे राहिलेले. घराला ते लावले की मातीचे घर हे अपुरे राहिलेले, अजून घर न झालेले घर ठरते. पाहणीच्या तक्त्यांत हे शब्द साहित्याच्या नावांवर बसवले आहेत. माती, न भाजलेल्या विटा, गवत, बांबू हे कच्चे. भाजलेल्या विटा, चुना-सिमेंटात बसवलेला दगड, काँक्रीट हे पक्के. छपरांतही हाताने थापलेले कवेलू कच्च्यात, कारखान्यातले कवेलू आणि टिनपत्रे पक्क्यात. साहित्याचे नाव विचारायचे आणि उत्तर टिकाऊपणाचे मानायचे, ही 'हेमाडपंती'चीच चूक, फक्त तिचे परिणाम अधिक बोचरे.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलासाठीची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवरून काढली गेली. निकष असा की कुटुंब बेघर असावे, अथवा शून्य, एक किंवा दोन खोल्यांच्या, भिंती आणि छप्पर दोन्ही कच्चे असलेल्या घरात राहणारे असावे. आता वऱ्हाडातील सर्वसाधारण गरीब घर डोळ्यांपुढे आणावे. पांढऱ्या मातीच्या भिंती, एखादी बाजू पऱ्हाटीच्या कुडाची, वर बल्ल्या-फाटे आणि त्यांवर टिनपत्रे. कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावे लागतात, माकडे फोडतात, फेरणारा हात मिळत नाही. म्हणून कुटुंबाने कधीतरी कर्ज काढून पत्रे टाकलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत त्या पत्र्यांखाली दुपारी बसवत नाही. पण तक्त्यात छप्पर पक्के झाले आणि 'दोन्ही कच्चे' ही अट मोडली. उलट, जाड धाब्याचे, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले आणि उन्हाळ्यात गार राहणारे मातीचे घर पूर्ण कच्चे. नेर शहराच्या हद्दीत पाऊल टाकले की योजनेचा नागरी भाग लागू होतो आणि प्रश्न बदलतो. तिथे अट अशी की कुटुंबाच्या मालकीचे पक्के घर नसावे, आणि पक्के म्हणजे सर्व ऋतूंत राहण्याजोगे. हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची भिंत एकाच मातीची असली तरी तिला विचारलेले प्रश्न दोन.

त्यातच ग्रामपंचायतीची करआकारणीची नोंदवही, लोकांच्या तोंडचा 'नमुना आठ', याच घराकडे तिसऱ्या नजरेने पाहते. तिथे दर्जा वाढला की कर वाढतो. साहजिकच एकच गृहस्थ एका टेबलासमोर आपले घर साधे असल्याचे पटवतो, आणि बँकेच्या टेबलासमोर तेच घर चांगले असल्याचे. त्याला लबाड म्हणणे सोपे आहे. खरे तर त्याने प्रत्येक तक्त्याचा हेतू बरोबर ओळखलेला असतो.

खोल्यांचीही तीच कथा. मागे एकदा आम्ही मुलांना सांगितले की आपल्या घराची स्थानपोथी लिहून आणा. गाव, गावातली दिशा, घराचे तोंड, घराचे भाग आणि त्या त्या जागी काय चालते ते, एवढेच. जे लिहून आले ते आम्ही अजून जपून ठेवले आहे. एकीने लिहिले की सपरीच्या उगवतीच्या कोपऱ्यात आजी निजते, दुपारी तिथेच कापूस ठेवतात आणि पाहुणा आला तर तीच बैठक. दुसऱ्याने घराचे माप खणांत दिले होते, 'आमचे घर तीन खणांचे, मधला खण देवाचा.' खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा; मिस्त्री त्यावरून लाकूड मोजतो, घरचे त्यावरून वाटणी करतात. नंतर त्याच मुलांना आम्ही जनगणनेच्या धर्तीचा तक्ता दिला. भिंत, छप्पर, जमीन आणि खोल्यांची संख्या. पहिलाच प्रश्न त्या सपरीवाल्या मुलीचा आला, 'सर, सपरी खोलीत धरायची का?'

जनगणनेच्या व्याख्येत खोली किमान दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच हवी. राहण्यासाठी नेहमी न वापरली जाणारी ओसरी वा पडवी तीत येत नाही. आता उन्हाळ्यात जिथे आजी निजते आणि पावसाळ्यात जिथे बकरी बांधतात, ती सपरी नेहमीची की अधूनमधूनची? ती धरली तर खोल्या तीन, न धरली तर दोन, आणि दोन-तीनच्या मध्ये घरकुलाची रेघ. मुलीला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. व्याख्या वाचून दाखवली, इतकेच.

७

यावर तक्तेच नकोत असे म्हणणे आम्हांला मान्य नाही. तक्ता नसेल तर ज्याची ओळख त्याला घरकुल, हा जुनाच न्याय परत येईल. मोजणी हवी, वर्गवारी हवी. प्रश्न तिच्या रीतीचा आहे, आणि ती रीत रंगनाथनांनी दाखवून ठेवली आहे. साहित्य वेगळे विचारा, अवस्था वेगळी विचारा, वापर वेगळा, जागा वेगळी, मालकी वेगळी. निर्णय घेताना हवी ती उत्तरे जोडा आणि ती का जोडली हे सांगा. पूर्वी कागदाच्या तक्त्यात इतके रकाने मावत नव्हते, ही सबब खरी होती. संगणकाने ती सबब काढून घेतली आहे. ज्या यंत्रणेत पुलाच्या एकेका घटकाला आकार, काळ आणि खर्च यांची माहिती निरनिराळी जोडता येते, तिच्यात मातीच्या घराला एकाच शब्दात गुंडाळण्याचे कारण उरलेले नाही.

मात्र एक गोष्ट संगणक करणार नाही. आयएसओ १२००६-२ हे मानक कोष्टके भरून देत नाही. कोणती कोष्टके असावीत एवढीच चौकट देते, आणि प्रत्येक देशाने आपली कोष्टके आपण भरावीत असे गृहीत धरते. स्वीडनने २०१६ मध्ये आपली जुनी परंपरा नव्याने मांडून 'कोक्लास' तयार केले. आपल्या चौकटीत सपरी, न्हाणी, कोठा, धाबे, कुड, खण हे शब्द कोण भरणार? अभियंत्यांनी ते ऐकलेले असतात, पण त्यांच्या पाठ्यपुस्तकांत ते नसतात. आमच्या बोलीच्या अभ्यासात ते असतात, पण आम्ही त्यांची यादी करून 'लोकजीवन' या मथळ्याखाली सोडून देतो. शब्द नसला की वस्तू शेवटच्या 'इतर' या रकान्यात जाते, आणि 'इतर'मध्ये गेलेल्या घराला पुढे कोणी प्रश्न विचारत नाही.

चौदाव्या शतकातल्या एका भाविकाने पटिसाळ कोणती आणि आसन कोणते हे वेगळे लिहून ठेवले, म्हणून आज ओसाड माळावरही ती जागा दाखवता येते. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या वहीत सपरीचा उगवतीचा कोपरा आणि आजीचे निजणे असेच वेगळे लिहिलेले आहे. तिला न देता आलेले उत्तर देणे हे आता तक्ते करणाऱ्यांचे काम आहे. शब्द पुरवणे हे आमचे. यंदापासून स्थानपोथी दोन तासांत आटोपायची नाही, एवढे आम्ही ठरवले आहे.